सरासरीत न सापडणारे वादळ

वैशाख अर्धा उलटला की भीमा आणि घोड या नद्यांच्या काठच्या गावांत दुपारनंतर आभाळाकडे पाहण्याची सवय माणसांना आपोआप लागते. शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके पर्जन्यछायेत येतात. वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही भरवशाचा नाही. चासकमानचा व खडकवासल्याचा कालवा, घोड धरण आणि भीमेचे पाणी यांच्या आधाराने येथे ऊस, कांदा, डाळिंब उभे राहिले; केडगाव-यवतच्या बाजूला गुऱ्हाळे चालू लागली; माळावर कोंबड्यांची शेडे आली. पाण्यासाठी आसुसलेल्या या मुलखात वळवाचा पाऊस खरे तर स्वागताचाच. पण त्याच्या अगोदर जे येते, त्याची धास्ती पावसाच्या ओढीहून मोठी असते.

दुपारी तीन-चारच्या सुमारास वारा एकदम पडतो. उकाडा असह्य होतो. क्षितिजावर धुळीची पिवळट-तांबूस भिंत उभी राहते आणि दहा-पंधरा मिनिटांत ती अंगावर येते. तेवढ्यात जे व्हायचे ते होऊन जाते. एकाच्या कांदाचाळीचे पत्रे उडून दोन शेतांपलीकडे उसात जाऊन पडतात आणि लगतच्या बांधापलीकडे दुसऱ्याची कडब्याची गंजी जशीच्या तशी उभी असते. एका वस्तीवरचे विजेचे सहा खांब आडवे होतात, तर दुसऱ्या वस्तीवर अंगणातले वाळवणसुद्धा हललेले नसते. ‘देवाने नेम धरून मारले’ असे म्हणण्याचा मोह माणसाला होतो, तो यामुळेच. या निवडक संहाराला गावात ‘वावटळ’ म्हणतात, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात त्याचे ‘चक्रीवादळ’ होते आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींमध्ये ‘टोर्नाडो’. तिन्ही शब्द बहुधा चुकीचे असतात. शब्दांची ही चूक निरुपद्रवी असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु सरकारी मदत, विमा आणि पूर्वसूचना या तिन्ही गोष्टी आपत्तीच्या नावावर व तिच्या आकारमानावर चालतात, आणि हे वादळ त्या हिशेबात नेमके बसत नाही.

वावटळ ही तापलेल्या जमिनीची करामत. निरभ्र आकाशाखाली, भर उन्हात जमिनीलगतची हवा गिरकी घेत वर चढते आणि सोबत धूळ, पाचोळा उचलते. तिच्यात भूत असते असे सांगून मुलांना तिच्यापासून दूर ठेवतात. पण तिचा जीव तेवढाच. चक्रीवादळ हे याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. ते समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि कित्येक दिवस जगते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ होते. पुणे जिल्ह्यातही त्याने झाडे, घरे आणि पॉलिहाउसे पाडली. पण त्याची वाट हवामान खात्याने आधीच नकाशावर आखलेली होती.

टोर्नाडो या दोहोंहून निराळा. गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरणारा फिरत्या हवेचा तो स्तंभ असतो. रुंदी बहुधा काही दशक वा शतक मीटरांची, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. मात्र वाऱ्याचा वेग क्वचित ताशी ४५० किलोमीटरांच्याही पुढे जातो. अमेरिकेत कॅन्ससमधील ग्रीन्सबर्गजवळ विल केलर नावाच्या शेतकऱ्याने २२ जून १९२८ रोजी तो चक्क आतून पाहिला. गारपिटीने झालेले नुकसान पाहण्यासाठी तो शेतात गेला होता. ढग येताना दिसताच त्याने घरच्यांना तळघरात उतरवले, आणि दार लावण्यापूर्वी मान वर केली. टोर्नाडोचे तोंड नेमके त्याच्या डोक्यावर होते. सभोवार विलक्षण शांतता, नाकात उग्र वास, वरून सापासारखा फूत्कार. आणि मध्यभागी फिरत्या ढगांच्या भिंतींनी वेढलेली, विजांनी उजळलेली, अर्धा मैल उंच गेलेली पोकळी! त्याचे हे कथन पुढे हवामानशास्त्राच्या नियतकालिकात छापले गेले आणि शास्त्रज्ञ आजही त्याचा हवाला देतात. टिम समारास या संशोधकाने २४ जून २००३ रोजी साउथ डाकोटातील मँचेस्टर या खेड्यात टोर्नाडोच्या वाटेवर आपले उपकरण ठेवले. ते खेडे नाहीसे झाले. उपकरणाने मात्र हवेचा दाब पाहता पाहता १०० मिलिबारने कोसळल्याची नोंद केली. हाच समारास ३१ मे २०१३ रोजी एल रेनो येथे, आपल्या मुलासह व एका सहकाऱ्यासह, ४ किलोमीटरांहून अधिक रुंद झालेल्या टोर्नाडोत सापडून मरण पावला. आयुष्यभर त्याच गोष्टीचा अभ्यास केलेल्या माणसालाही तिच्या रुंदीचा व वळणाचा अंदाज आला नाही.

भारतीय उपखंड या आपत्तीपासून मुक्त आहे, हा समज खरा नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नाडोने सुमारे १,३०० माणसे मारली. टोर्नाडोच्या जागतिक इतिहासातील ही सर्वांत मोठी जीवितहानी मानली जाते. २४ मार्च १९९८ रोजी ओरिसा-बंगालच्या सीमेवर, २४ मार्च २०२३ रोजी पंजाबातील फाजिल्का जिल्ह्यात आणि ३१ मार्च २०२४ रोजी जलपायगुडीत असेच प्रसंग घडले. खुद्द राजधानीत १७ मार्च १९७८ रोजी उत्तर दिल्लीच्या विद्यापीठ परिसरातून तो गेला. अवघ्या दोन-तीन मिनिटांत २८ जणांचा बळी गेला. उद्ध्वस्त झालेला पट्टा सुमारे ५ किलोमीटर लांब आणि ५० मीटर रुंद होता, म्हणजे क्षेत्रफळ २५ हेक्टर. दिल्लीच्या एकूण क्षेत्राचा हा जवळपास सहा हजारावा भाग. ‘दिल्लीत त्या दिवशी सरासरी किती वारा वाहिला?’ असा प्रश्न कोणी विचारला असता, तर उत्तर अगदी सौम्य आले असते.

महाराष्ट्र मात्र या पट्ट्याच्या बाहेर आहे. बंगालमध्ये मार्च-एप्रिलात खाली समुद्रावरून येणारा दमट वारा आणि वर पश्चिमेकडून धावणारा कोरडा, वेगवान वारा यांची जी गाठ पडते, तिच्यामुळे ढगाला गिरकी मिळते. दख्खनच्या पठारावर उन्हाळ्यात ढग उंच वाढतात, गाराही पडतात. पण ही गिरकी सहसा मिळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर डासांचे उंच स्तंभ दिसले, तेव्हा त्यांनाही लोकांनी ‘टोर्नाडो’ म्हटले होते. दूषित नदीवरची ती कीटकांची गर्दी होती. शब्द किती सैल वापरला जातो, याचा एवढा दाखला पुरे.

मग शिरूर-दौंडकडच्या शिवारात पत्रे उडवणारे हे काय असते? उत्तर तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने दिले, आणि तेही पडलेल्या झाडांकडे पाहून. ऑगस्ट १९४५ मध्ये हा तरुण अध्यापक कोकुरा शहराजवळच्या महाविद्यालयात शिकवीत होता. दुसऱ्या अणुबॉम्बचे मूळ लक्ष्य कोकुराच होते. आकाश झाकलेले असल्याने विमान नागासाकीकडे वळले. काही आठवड्यांनी फुजिताने नागासाकी आणि हिरोशिमा येथे जाऊन पाहणी केली, तेव्हा स्फोटाच्या जागेपासून बाहेरच्या बाजूला, ताऱ्याच्या किरणांसारखी पडलेली झाडे त्याने पाहिली. तीस वर्षांनी, अमेरिकेत वादळाने झोडपलेल्या एका जंगलावरून विमानाने जाताना त्याला तीच आकृती पुन्हा दिसली. टोर्नाडोत झाडे गोलाकार, एकमेकांवर गुंतलेली पडतात. येथे ती एका बिंदूपासून चोहीकडे पसरली होती. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळले. त्याचा अभ्यास करताना फुजिताने असा निष्कर्ष काढला, की ढगातून थंड हवेचा लोट वेगाने खाली आदळतो आणि जमिनीवर आपटून सर्व दिशांना फाकतो. बराच काळ तज्ज्ञांनी त्याला विरोध केला. आज वैमानिकांच्या प्रशिक्षणात ही गोष्ट प्राथमिक मानली जाते.

हा कोसळणारा झोत शुष्क प्रदेशात अधिक घातक ठरतो. मे महिन्यात पठारावर ढगाचा तळ उंच आणि त्याखालची हवा कोरडी असते. ढगातून निघालेला पाऊस खाली येईतो वाटेतच आटतो. आटताना तो हवेतील उष्णता शोषून घेतो. थंड झालेली हवा जड होऊन कोसळते. म्हणूनच अनेकदा चार टपोरे थेंब पडतात, धूळ दबतही नाही, आणि वारा मात्र घर उघडे करून जातो. वारा आला आणि पाऊस गेला, अशी तक्रार शेतकरी करतो ती शास्त्रदृष्ट्याही बरोबर आहे. पाऊस हवेत विरला, आणि त्याच विरण्यातून वारा निर्माण झाला.

वाऱ्याच्या ताकदीचे गणित फसवे असते. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १७ किलो भाराइतका रेटा देतो. ताशी १२० किलोमीटरला तो ६८ किलोंवर जातो. आता एक चौरस मीटर पत्र्याचे वजन पाहावे. ते असते चार-पाच किलो. छपरावरून वारा जाताना जी ओढ वरच्या दिशेने लागते, ती याच प्रमाणात असते. तिला अडवणारे दोन-चार हूक आणि वर ठेवलेले दगड! दगड उडत नाहीत, पण पत्रा निसटला की घरात पडतात. माणसे जखमी होतात ती बहुधा पत्र्याने किंवा या दगडांनी. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकानुसार पुण्यासाठी पायाभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. शहरातील अभियंता तो पाहतो, निदान त्याने पाहावा अशी अपेक्षा असते. वस्तीवरच्या कांदाचाळीची किंवा कोंबड्यांच्या शेडची कैची मात्र गावातला वेल्डर नजरेच्या अंदाजाने जोडतो आणि खर्च वाचावा म्हणून नळीची जाडी कमी होते. जुनी धाब्याची घरे वाऱ्याला दाद देत नसत. त्यांचा दोष निराळा होता. माळवदाची माती गेली, पत्रा आला, घर हलके झाले आणि वाऱ्याच्या तावडीत सापडले.

हाच नियम फलकांना. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळी वाऱ्यात १२० फूट लांब व १२० फूट रुंद असा जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून १७ माणसे मेली. ताशी ९० किलोमीटरचा वारा धरला, तरी एवढ्या पृष्ठभागावर सुमारे ५० टनांचा रेटा येतो. त्याआधी १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे येथे पाच जण असेच चिरडले गेले होते. मे २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर सणसवाडी येथे फलक पडला आणि दुचाकी वाहनांच्या नुकसानीवर निभावले. रांजणगाव, शिक्रापूर, कुरकुंभ या औद्योगिक पट्ट्यांतून जाणाऱ्या रस्त्यांवर असे किती सांगाडे उभे आहेत, हे एसटीच्या खिडकीतून पाहणाऱ्यालाही दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे. हे वादळ पकडायचे कसे आणि त्याची भरपाई द्यायची कशी? दोन्ही ठिकाणी आपली यंत्रणा सरासरीवर उभी आहे.

मुंबईच्या रडारचे उदाहरण घेऊ. शिरूर तेथून सरळ रेषेत १६० किलोमीटरांवर. पृथ्वीची वक्रता आणि किरणाचा किंचित चढ लक्षात घेतला, तर शिरूरपाशी त्या रडारचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून जवळजवळ ३ किलोमीटर उंचीवर असतो. मध्ये सह्याद्री आडवा आहे तो वेगळाच. ढगाचे डोके त्याला दिसते, पायाशी काय चालले आहे ते दिसत नाही. जमिनीवर पाहावे, तर राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. ही सोय मोठी खरी, पण एका मंडळात दहा-पंधरा गावे असतात. एका गावाच्या शिवारातून गेलेला झोत दुसऱ्या गावातल्या केंद्राच्या वायुवेगमापकाला कळतही नाही. कागदावर त्या दिवशी मंद वारा आणि २ मिलिमीटर पाऊस!

पीकविम्यात हेच घडते. समजा, झोताचा पट्टा ५०० मीटर रुंद व ६ किलोमीटर लांब आहे. त्यात ३०० हेक्टर येतात. मंडळाचे क्षेत्र १५० चौरस किलोमीटर धरले, तर हे फक्त २ टक्के. त्या ३०० हेक्टरांत दाणा हाती लागला नाही, तरी मंडळाचे सरासरी उत्पादन २ टक्क्यांनीच घटणार. उंबरठा उत्पादन मुळातच गेल्या काही वर्षांच्या सरासरीहून बरेच खाली धरलेले असते; तेव्हा २ टक्के घटीने विमा कंपनीची वही हलत नाही. मंडळात पीककापणीचे प्रयोग होतात दहाच्या आसपास, आणि त्यातला एखादा नेमका त्या पट्ट्यात पडेल याचा भरवसा नाही. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत स्थानिक आपत्तींसाठी वैयक्तिक पाहणीची तरतूद होती. ७२ तासांत कळवायचे, मग शेताची पाहणी. पण त्या यादीत गारपीट, भूस्खलन, पाणी साचणे, ढगफुटी, विजेने लागलेली आग होती. वादळी वारा क्षेत्राच्या हिशेबातच ठेवला होता. गारा पडल्या तर शेत वेगळे पाहायचे, वाऱ्याने ऊर फोडला तर मंडळाबरोबर मोजायचे, हा भेद निसर्गाने केलेला नव्हे. पुढे महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक रुपयात विमा दिला, आणि २०२५ च्या खरिपापासून तो बंद करताना वैयक्तिक पाहणीची ही तरतूदही वगळून सारे काही पीककापणीच्या सरासरीवर सोपवले. गैरप्रकार झाले म्हणून योजना बदलली, हे समजण्यासारखे आहे. पण बोगस अर्जांबरोबर खरा एकटा पडलेला शेतकरीही यादीतून पुसला गेला.

सरकारी मदतीचा मार्ग त्या मानाने बरा, कारण पंचनामा शेताचा व घराचा होतो, मंडळाचा नव्हे. पण तेथेही नाव आडवे येते. केंद्राच्या २०१५ च्या आणि नंतर २०२२ च्या निकषांत ज्या बारा आपत्ती होत्या, त्यांत चक्रीवादळ व गारपीट होती. वळवाचे वादळ नव्हते. राज्याने २०१४ मध्ये अवेळी पाऊस, अतिवृष्टी, वीज कोसळणे यांची भर घातली. म्हणजे वाऱ्याबरोबर पाऊस आला असेल तर मार्ग निघतो. परंतु पाऊस वाटेतच आटला असेल तर? तेव्हा तलाठ्याने ‘अवेळी पाऊस’ कोठून दाखवायचा? मग कागद जुळवण्यासाठी शब्द जुळवावे लागतात, आणि प्रामाणिक कर्मचाऱ्याचीच अडचण होते. (तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, रकाने फारसे बदललेले नाहीत.) पिकाचे नुकसान ३३ टक्क्यांवर असले पाहिजे ही अट उभ्या पिकासाठी. मार्च-एप्रिलात काढून चाळीत भरलेला रब्बीचा कांदा हे उभे पीक नव्हे. दर वाढेपर्यंत थांबायचे म्हणून ठेवलेला माल, छप्पर गेल्यावर एका सरीने भिजतो आणि आठवड्यात सडतो. शिरूर तालुक्यातील अनेक घरांचे लग्नकार्य, शाळा-महाविद्यालयाचे शुल्क आणि खरिपाचे बी-बियाणे त्या चाळीत असते.

अरुंद आपत्तीला रुंद माप लावण्याचा हा दोष अमेरिकेतही होता. तेथे पूर्वी टोर्नाडोचा इशारा संपूर्ण काउंटीला, म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारख्या विभागाला दिला जाई. काउंटीच्या एका कोपऱ्यात वादळ, आणि भोंगे सगळीकडे. ऑक्टोबर २००७ पासून तेथील हवामान सेवेने हद्दी बाजूस ठेवून वादळाच्या वाटेचाच बहुभुज आखून इशारा देण्यास सुरुवात केली. तरीही २२ मे २०११ रोजी मिसुरीतील जॉप्लिन शहरात दीडशेहून अधिक माणसे मेली. इशारा वेळेवर गेला होता. पण पहिला भोंगा ऐकूनही बहुतेकांनी तत्काळ आसरा घेतला नाही, असे नंतरच्या सरकारी पाहणीत आढळले. उठसूट वाजणाऱ्या भोंग्याची सवय होऊन गेली होती. आपल्याकडे हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज जिल्हावार येतो. ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी वादळी वारे’ हे वाक्य लोणावळ्यालाही लागू आणि मांडवगण फराट्यालाही. खोटे ते कधीच ठरत नाही, आणि म्हणूनच ते वाचून कोणी गुरे आत घेत नाही. शिमल्याहून १९२८ मध्ये हवामान खात्याचे कार्यालय जेथे आले आणि १९६२ पासून उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची राष्ट्रीय संस्था जेथे आहे, त्या पुण्यापासून ही गावे ६०-८० किलोमीटरांवर आहेत.

यंत्रे येतील तेव्हा येतील. तोवर एक गोष्ट बिनखर्चाची आहे. पंचनाम्यात झाड पडले, पत्रे उडाले, खांब वाकला, एवढे लिहिले जाते. कोणत्या वेळी, आणि कोणत्या दिशेला, हे लिहिले जात नाही. फुजिताने सारे शास्त्र या एका माहितीवर उभारले. दोन रकाने वाढवले, गटनंबर नकाशावर मांडले, तर पाच-सात वर्षांत भीमाकाठच्या झोतांची रुंदी, वाट आणि वेळ यांचा खरा नकाशा तयार होईल. मंडळाऐवजी पट्ट्याच्या मापाने विमा मागायचा, तर हाच पुरावा लागेल. भूगोल शिकवणारा शिक्षक आणि होकायंत्र असलेला भ्रमणध्वनी जवळ बाळगणारे दहा विद्यार्थी एका सकाळी एका गावाचे हे काम पुरे करू शकतात.

मात्र घाई करावी लागते. वादळानंतर दुसऱ्याच दिवशी रस्त्यावरची झाडे करवतीने कापून बाजूला ओढली जातात. बांधावरच्या बाभळी-लिंबांचा सौदा त्याच आठवड्यात होतो. उडालेले पत्रे गोळा करून, ठोकून सरळ केले जातात आणि मृगाच्या आत पुन्हा छपरावर चढतात. हूक जुनेच, दगड तेच. पंचनाम्याचा कर्मचारी तिसऱ्या दिवशी पोचतो तेव्हा बुंधे मोजून होतात. ते कोणीकडे कलले होते, हे शेजारच्यांना विचारावे लागते.